फरकाचा रकाना

तुत्राकान, सोमवार, ९ मार्च

प्रिय नेवेना,

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी चिडतो, मग तू म्हणतेस, "दादा, तू माणसाशी बोलतोयस, वजनकाट्याशी नाही," आणि मुद्दा तिथेच राहतो. कागद मध्ये बोलत नाही. तेव्हा उभ्या उभ्या वाचू नकोस, पायरीवर का होईना, पण बसून वाच, आणि लहानपणी करायचीस तसं शेवटचं पान आधी उलटू नकोस. व्हॅनवाल्या मित्कोला घाई नाही. त्याला मी तसं बजावून पाठवलंय.

घरचं ठीक आहे. द्राक्षवेल छाटून झाली. फाटकावर लावलेला आई गेल्याची खबर देणारा फोटोचा कागद पावसाने फुगला, आणि शाई उतरून तिच्या हनुवटीखाली निळी दाढी आल्यासारखी दिसते. चाळिसाव्या दिवसासाठी नवा छापून आणलाय, शनिवारी सकाळी लावीन. शारो आता अकरा वर्षांचा झाला. वजन चोवीस किलो दोनशे, म्हणजे हवं तेवढंच. सकाळी उठताना मागचे पाय ताठतात, पण दहा पावलं चालला की मोकळे होतात. समोरचा गांचो अजूनही त्याला कुंपणातून सॉसेजची टोकं टाकतो. मी ओरडलो की म्हणतो, "अहो डॉक्टर, कुत्रं आहे ते, नवरी नव्हे. आणि तोलायची एवढीच हौस असेल तर माझ्या बायकोला तोला एकदा. मीही बघायला येतो." त्याचा स्वतःचा कुत्रा सातव्या वर्षी हृदयात जंत होऊन गेला. डॅन्यूबकाठचे डास तो रोग वाहतात, एप्रिल ते नोव्हेंबर महिन्याला एक गोळी द्यावी लागते, हे मी त्याला चार वर्षं कानीकपाळी ओरडून सांगत होतो. आता त्याच्याकडे कुत्रा नाही. सॉसेज आहे.

मला डॉक्टर म्हणतात ते चिडवायला, हे मला कळतं. आठवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, हेही खरं. पण गुरांच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरची पुस्तकं त्याच्या विधवेने रद्दीत काढली तेव्हा ती घरी आणून, शब्दकोश शेजारी ठेवून, तीन हिवाळ्यांत मी पुरी केली. वजनकाटे दुरुस्त करायलाही मला कुणी शिकवलं नाही. उघडून पाहिले, समजले. प्राण्यांचंही तसंच आहे. न उघडता बघावं लागतं, एवढाच फरक.

पिसाना आपल्याकडे आली तेव्हा तू नुकतीच स्पेनला गेली होतीस. सहकारी संस्थेच्या गोदामात, पोत्यांच्या मागे, तीनशे दहा ग्रॅमचं मांजरीचं पिल्लू. पोट ढोलासारखं, म्हणजे जंत. पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, नवव्या आणि बाराव्या आठवड्यात लस, सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया. त्या शस्त्रक्रियेवरून द्राग्ना मावशीने अंगण डोक्यावर घेतलं होतं, "देवाने दिलेलं कापून काढतात का कुणी?" म्हणून. आईने भांडी घासता घासता मागे वळूनही न बघता म्हटलं, "तिची पिल्लं तू नेणार आहेस का, द्राग्ना? मग आत्ताच सांग, आम्ही थांबतो." आठवड्यातून दोनदा आई तर्जनीला फडकं गुंडाळून पिसानाचे दात पुसायची, डाव्या हाताने. उजव्याने पुसायला गेलं की पिसाना चावायची, त्यामुळे ते काम माझ्याकडे कधी आलंच नाही. दहा वर्षांनंतर दर वर्षी रक्ततपासणी. पाण्याची भांडी तीन, तिन्ही खाण्याच्या ताटलीपासून लांब, कारण मांजरं खाण्याशेजारचं पाणी पीत नाहीत. हे तुला माहीत नसणार. लक्षात ठेव.

आणि दर रविवारी, सकाळी नऊ वाजता, वजन. संस्थेने मोडीत काढलेला तो मोठा काटा तुला आठवत असेल. तो मी पन्नास ग्रॅमपर्यंत खरा करून पडवीत बसवलाय. पिसाना त्यावर एकटी बसायची नाही. टोपलीत घालून झाकण लावलं की असं रडायची की आईला ऐकवायचं नाही. "कशाला कोंडतोस तिला? मी आहे ना," म्हणायची, पिसानाला कुशीत घ्यायची, डावा तळहात तिच्या हनुवटीखाली धरायची आणि काट्यावर चढायची. मी सरकतं वजन हलवून आकडा बघायचो. मग ती पिसानाला खाली सोडून एकटी उभी राहायची. पुन्हा आकडा. वहीत तीन रकाने आखलेत: आई आणि पिसाना, आई, फरक. फरकाच्या आकड्याखाली लाल रेघ. उतरताना आई दर वेळी विचारायची, "लिहिलंस?" मी म्हणायचो, "लिहिलं." सोळा वर्षांत तीन रविवार चुकले असतील. तिन्ही वेळा आईच तापाने झोपलेली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये फरकाच्या रकान्यात तीन आठवड्यांत दीडशे ग्रॅम कमी झाले. मांजर खेळत होती, खात होती, डोळे स्वच्छ. पण आकडा उतरला म्हणजे उतरला. मी त्याच दुपारी तिला डॉक्टर वेल्कोवांकडे घेऊन गेलो. मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली होती. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या अर्ध्या, पण त्या म्हणाल्या, "नायदेनकाका, लोक मांजर आणतात तेव्हा अर्धं अंग गेलेलं असतं. तुम्ही दीडशे ग्रॅमवर आलात. हे मी कॉलेजातल्या मुलांना सांगणार आहे." हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल ते तुला ठाऊक आहे. तुलाही चार वेळा ऐकवलंय. तेव्हापासून वेगळं खाणं, रक्तदाबाची गोळी, आणि रोज संध्याकाळी सहाला कातडीखाली शंभर मिलिलिटर सलाईन. बाटली आईच्या खोलीत, शेगडीजवळच्या खिळ्याला. आई खुर्चीत बसायची, पिसाना तिच्या मांडीवर, सुई मी टोचायचो.

आता त्या दिवसाचं सांगतो. तू दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने पोचलीस, त्यामुळे आदल्या संध्याकाळी तू नव्हतीस. आई तीन फेब्रुवारीला सकाळी गेली. दुपारपर्यंत मावशीने आणि शेजारच्या बायकांनी तिला आंघोळ घालून, हात-पाय बांधून, खोलीच्या मध्यावर ठेवलं. मावशीचं पहिलं वाक्य होतं, "मांजर कोंड." प्रेतावरून मांजर गेलं तर मेलेलं माणूस उठतं, हे तिने आपल्याला लहानपणी शेकडो वेळा सांगितलंय. मी विश्वास ठेवत नाही. पण घरात मेलेलं माणूस असताना कुठे वाद घालायचा? पिसानाला आणि शारोला कोठीघरात कोंडलं. पावणेसहाला पाद्री आला. बायका त्याला घ्यायला फाटकापर्यंत गेल्या आणि तिथेच बोलत उभ्या राहिल्या. आणि सहा वाजले.

नेवेना, मी तेव्हा काय विचार करत होतो ते तुला जसंच्या तसं सांगतो. मी विचार करत होतो की सहा वाजले. एक दिवस सलाईन चुकलं असतं तर काही झालं नसतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण दोन वर्षांत एकदाही चुकलेलं नव्हतं. कोठीघरात खिळा नव्हता, बाटली धरायला माणूस नव्हतं. मी पिसानाला उचलून आईच्या खोलीत आणलं, आईच्या खुर्चीत बसलो, सुई टोचली. साठ मिलिलिटर गेलं असेल. पिसानाने मान वर केली, आईकडे बघितलं आणि माझ्या मांडीवरून उडी मारली. आईच्या छातीवरून, पलीकडे, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे ती रोज संध्याकाळी बसते. घड्याळात सहा वाजून बारा मिनिटं. मी तिला उचललं, उरलेलं चाळीस कोठीघरात गुडघ्यांत धरून दिलं, आणि बाहेर येऊन पाद्र्याच्या हाताचं चुंबन घेतलं. कुणी पाहिलं नाही.

आठ फेब्रुवारीला पहिला रविवार आला. आता कुशीत मीच घेणार. नवीन पान, नवे रकाने: मी आणि पिसाना, मी, फरक. आई गेली त्या आधीच्या रविवारी फरक तीन किलो शंभर होता. आता तीन दोनशे. बरं वाटलं. दुःखात मी तिला जास्त खाऊ घातलं असेल, म्हटलं. तेरा तारखेला मी तिला वेल्कोवाबाईंकडे नेऊन रेबीजची लस टोचून घेतली, कातडीखाली ओळखीची चिप बसवली आणि प्राण्यांचं पारपत्र मागितलं. बाई चकित झाल्या. "सोळा वर्षांची, मूत्रपिंडांची रोगी, घराबाहेर न पडणारी मांजर. हिला पारपत्र कशाला?" मी म्हटलं, कागद पुरे असलेले बरे. त्यांनी तिला टेबलावरच्या काट्यावर ठेवलं. तीन किलो शंभर. मी मनात म्हटलं, बाईंचा काटा बिघडलाय. त्यांना तसं सांगितलंही. त्या हसल्या, रागावल्या नाहीत.

पंधरा तारखेला तीन चारशे. बावीसला तीन पाचशे. मूत्रपिंडांची मांजर असं अंग धरत नाही. बरगड्यांवरून हात फिरवला, चरबी नाही. पाठीचा कणा तसाच, मणी मोजता येतील असा. आणि शारो. तो रविवारी वजनाला नेहमी उड्या मारत येतो, कारण त्यानंतर त्याला चीजमध्ये गुंडाळून सांध्यांची गोळी मिळते. आता तो काट्याच्या डाव्या बाजूला येऊन बसतो, डोळे मिटतो आणि हनुवटी वर करतो. कुणी गळ्याखाली खाजवताना करतो तशी. मी तर काट्यावर उभा असतो, दोन्ही हातांत मांजर.

मग एक मार्च. सुतकात घर असताना या वर्षी या दिवशीचा शुभाचा लाल-पांढरा दोरा कुणालाच बांधायचा नाही, असं मी ठरवलं होतं. आई दर वर्षी सगळ्यांसाठी वळायची. तुझा पाकिटातून यायचा, पिसानाचा आणि शारोचा गळ्यात. त्या सकाळी नऊला मी पिसानाला उचललं, तर तिच्या गळ्यात दोरा. नवा. मी तो बोटांत धरून बघितला. माणूस उजव्या हाताचा असला की दोऱ्याचा पीळ एका बाजूला जातो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. हा डावखुरा पीळ होता. आपल्या गल्लीत डावखुरं माणूस एकच होतं. त्या दिवशी फरक तीन सातशे.

दुपारी द्राग्ना मावशी आईच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू घेऊन आली. तिला मी विचारलं, हा दोरा तू बांधलास का. "मी? त्या मांजराला? वेड लागलंय का तुला?" मग तिने वाकून दोरा बघितला, न शिवता. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. म्हणाली, "त्या संध्याकाळी हे मांजर कोंडलेलं होतं ना, नायदेन?" मी खोटं बोलत नाही. गप्प बसू शकतो. मी गप्प बसलो, आणि तिला तेवढं पुरलं. खुर्चीत बसली. बराच वेळ नुसती छातीवर क्रूस काढत होती. मग तिने जे सांगितलं ते ओरडून नाही, अगदी हळू, मला समजूत घालावी तसं. "चाळीस दिवसांपर्यंत ते नुसतं वारं असतं रे. चाळिसाव्याला त्याला हाडं येतात. मग ते परत जात नाही. माझी बहीण आहे ती. तिला झोपू दे. मांजराचं मी बघते, तुला काही करावं लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी गांचो फाटकाशी येऊन उभा राहिला, टोपी हातात. "डॉक्टर, मला यात ओढू नका. पण तुमची मावशी काल माझ्या स्वयंपाकघरात दोन तास रडली. मी पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, येतो म्हणालोय. पोतं आहे माझ्याकडे. नदी इथेच." मग पाय हलवत, खाली बघत म्हणाला, "तुम्ही घरी नसलात तर बरं." त्याला सॉसेज टाकताना पकडला तेव्हाही इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे हा येणारा गुरुवार, बारा तारीख.

सहा मार्चला पुन्हा वेल्कोवाबाई. रक्ताचे आकडे होते तिथेच, वाईट नाहीत, चांगले नाहीत. टेबलावर तीन किलो शंभर. या वेळी मी त्यांच्या काट्याला नावं ठेवली नाहीत. घरी येऊन मी माझा काटा उघडला. दांडी जिच्यावर तोलते ती प्रत्येक धार पुसली, प्रत्येक सांधा पाहिला, मग माझ्या पितळी मापांनी तपासला, एक किलोपासून ऐंशीपर्यंत. एका केसाचाही दोष नाही. काल रविवारी पिसानाला कुशीत घेऊन चढलो. फरक तीन नऊशे. मग कित्येक वर्षांनी वजनासाठी तिला टोपलीत कोंडलं, झाकण लावलं, टोपली काट्यावर ठेवली. ती रडत होती. टोपलीचं वजन वजा जाता, तीन किलो शंभर. पुन्हा कुशीत. तीन नऊशे. तीन वेळा केलं.

बावीस वर्षं मी आठवडे-बाजारातले काटे तपासत फिरलोय. विकणारा पारड्याला कसा हात लावतो ते मी पाठ फिरवलेली असतानाही ओळखतो. बोटाचं टोक टेकवलं तर शंभर ग्रॅम. दोन-तीन बोटं टेकवली तर चारशेच्या आसपास. पुरा तळहात, दाबून नाही, नुसता विसावलेला: आठशे. वही घेऊन बस आणि माझे पाच रविवार बघ. आधी बोट होतं. काल तळहात आहे. तो कुठे टेकलाय हेही मला कळतं, कारण माझ्या कुशीत असताना पिसाना हनुवटी उचलून धरते. भीती वाटत नाही असं लिहिणार होतो. वाटते. काल काट्यावर उभा असताना मानेमागे गार लागत होतं आणि मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. पण उतरावंसंही वाटलं नाही. पुढच्या रविवारी काय आकडा येईल, याचा अंदाज मी बांधलेला नाही. अंदाज न बांधलेला हा माझा पहिलाच आकडा.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. परत जाताना, बस समोर उभी असताना, फाटकाशी तू विचारलंस, "दादा, ती कधीपासून बारीक होत होती? तू तर सगळं मोजतोस." मी म्हटलं, माहीत नाही. रुसे शहरातल्या, आईला तपासणाऱ्या डॉक्टरने नोव्हेंबरमध्ये हेच विचारलं होतं, आणि त्यालाही मी हेच म्हटलं होतं. नेवेना, मागच्या वर्षीच्या मे महिन्यातल्या पहिल्या रविवारपासून. वहीत आहे. दुसऱ्या रकान्यात, माझ्याच अक्षरात. सहासष्ट किलो आठशे. महिन्याभराने पासष्ट. जुलैमध्ये बासष्ट दोनशे. सप्टेंबरमध्ये अठ्ठावन्न. शेवटच्या रविवारी, मी तिला धरून काट्यावर चढवलं तेव्हा, एक्कावन्न तीनशे. प्रत्येक आकडा मी डोळ्यांनी वाचला, हाताने लिहिला, त्यातून मांजर काढली आणि मांजरीखाली लाल रेघ ओढली. दीडशे ग्रॅमवर मी बसस्टँडपर्यंत पळालो होतो. इथे साडेपंधरा किलो माझ्या पेन्सिलीखालून गेले. ऑगस्टपासून ती बूट घालून चढायला लागली. मला वाटलं, बुटांनी फरक बदलत नाही, तर बोलायचं कशाला. ती लपवत होती की तिचे पाय गार पडत होते, ते आता कुणाला विचारू? आणि दर रविवारी उतरताना ती विचारायची, "लिहिलंस?" शेवटच्या काही महिन्यांत ती हे विचारून लगेच आत जायची नाही, थोडी थांबायची. मी म्हणायचो, "लिहिलं." आणि वही मिटायचो.

म्हणून हे पत्र. मागच्या रविवारी फोनवर मी तुझ्या गॅलरीला जाळी आहे का विचारलं, तेव्हा तू हसलीस, "आता माझ्या गॅलरीचीही तपासणी का?" म्हणालीस. आहे म्हणालीस. पिसाना व्हॅनमध्ये आहे, मागच्या बाकावर, आईच्या शालीत. तू हे पुरं वाचून हो म्हणेपर्यंत टोपली खाली उतरवायची नाही, असं मित्कोला सांगितलंय. तुझं नाही म्हणणं झालं तर तो तिला रुसेला वेल्कोवाबाईंच्या बहिणीकडे पोचवेल, माझा राग नाही. लस एकवीस दिवस जुनी होईपर्यंत ती सीमा ओलांडू शकत नव्हती. तेरा तारखेला मी पारपत्र कशाला काढत होतो ते मला तेव्हा स्वतःशी कबूल करायचं नव्हतं. वाटेतलं सलाईन मित्कोची बायको देईल, ती नर्स होती. पुढचं तू दे, संध्याकाळी सहाला. खिळा तुझ्या खुर्चीपेक्षा दीड मीटर उंच ठोक. गोळ्या, खाणं, सुया, सगळं खोक्यात आहे आणि वहीही. पण नुसती मांजर वाचवायची असती तर मी तिला रुसेलाच ठेवली असती. तू आलीस तेव्हा आईचे हात बांधलेले होते. मला पाच रविवार मिळाले, तुला एकही नाही, आणि ते बरोबर नाही. एक चांगला काटा घे. चाळिसावा दिवस शनिवारी, त्यानंतरच्या रविवारी, इथल्या नऊला, म्हणजे तुझ्याकडच्या आठला, तिला कुशीत घेऊन चढ. मीही इथे चढेन, एकटाच. दोन्ही आकडे लिही आणि आधी तुझा वाच, दर आठवड्याला वाच, तो महिन्यात किलोभर जरी उतरला तरी त्याच दिवशी मला फोन कर, मी मध्ये बोलणार नाही. मग फरक काढ. तीन किलो शंभर आला तर आई झोपली असं समजू, मावशीला मी स्वतः जाऊन सांगेन. जास्त आला तर घाबरू नकोस, काटा दुरुस्तीला देऊ नकोस. थोडा वेळ तशीच उभी राहा.

तुझाच,
नायदेन